कलम

याकिमाच्या खोऱ्यात मार्च अजून कुडकुडत असतो.
शाळेच्या कुंपणापाशीच सफरचंदाच्या रांगा सुरू होतात,
उघड्याबोडक्या, नुसत्या काड्या.
आमच्या वर्गात सकाळी स्पॅनिश,
जेवणाची सुट्टी संपली की इंग्रजी.
दाराला दुरंगी पाटी आहे. मुलंच उलटवतात.

नेरेइदा दुपारी बोलत नाही.
सप्टेंबरपासून नाही.
सकाळी टकळी थांबत नाही:
कोंबड्या, धाकटा भाऊ, बाबांची कात्री, कुणाचा दात हलतोय.
पाटी उलटली
की डब्याचं झाकण बसावं तसे ओठ बसतात.

जिल्हा कचेरीतून हाल्वर्सन आलेत, फॉर्म घेऊन.
सभ्य माणूस, बूट दारात पुसून आला.
कलम तीन: द्विभाषिक वर्गाचा इंग्रजीवर परिणाम.
आहे. नाही. सांगता येत नाही.
मी म्हटलं, कितव्या वर्षी विचारताय?
पहिल्या वर्षी माझी मुलं मागे दिसतात,
मी ते लपवत नाही.
चौकटीत तेवढी जागा नव्हती.

सकाळी तिनं फळ्यावर झाड काढलं होतं.
बाबा कलम कसं बांधतात ते सांगितलं:
तिरपा काप, सालीला साल भिडलेली,
वरून फीत,
आणि मग अजिबात हात लावायचा नाही.
खाली लिहिलं, झाडातून साबिया वर चढते.
साबिया म्हणजे झाडातला रस.
एक अक्षर चुकलं, आणि रसाची झाली शहाणी बाई.
ऐकायला दोन्ही एकच.
झाडातून शहाणी बाई वर चढते.
मी पुसलं नाही.

दुपारी हाल्वर्सन मागच्या बाकावर, गुडघे हनुवटीशी.
फळ्यावर काय आहे, त्यांनीच विचारलं.
कुणी हललं नाही. मीही नाही.
शिक्षकानं गप्प बसणं
कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

नेरेइदा उभी राहिली.
तिचं इंग्रजी असं होतं:
हा दोन झाड. बाबा कापते. बाबा बांधते.
मग झाडाचा... झाडाचा...
मनगटावरची निळी शीर दाखवली.
झाडाचा दूध. तो इकडून जाते तिकडे.
तो विचारत नाही, तू कोण.

हाल्वर्सननी हळूच शब्द दिला.
तिनं तो तोंडात घोळवला,
माझ्याकडे वळून स्पॅनिशमध्ये म्हणाली,
एवढासाच?

कलम तीन कोरंच ठेवून ते गेले.
घंटेला अजून बराच वेळ होता,
तरी कुणीतरी पाटी उलटवली,
कारण तो दात पडला होता
आणि हे लगेच सांगायला हवं होतं.