दोन सेंटिमीटर

पाकिटावर नाव: एलेउतेरिओ वांका, वय एकसष्ट,
लसूण पिकवणारा, खोऱ्यातल्या शेवटच्या घरचा.
आत केसांची जुडी, पेन्सिलीएवढी जाड,
मुळांकडच्या टोकाला लाल दोरा.
दोरा नसता तर काळ उलटा वाचला असता मी:
आधी मरण, मग आजारपण, मग लसणाची लावणी.

इकिकेच्या या प्रयोगशाळेच्या खिडकीत समुद्र आहे,
पाऊस मात्र इथे कुणाला नीटसा आठवत नाही.
मी कात्री घेते सिरॅमिकची,
पोलादाची घेतली तर पोलाद स्वतःबद्दलच बोलत बसतं.
केस ॲसिटोनने धुते, मग पाण्याने, पुन्हा ॲसिटोनने.
धूळ जाते, घाम, लामांचा वास,
कुणी त्यांवरून हात फिरवला असेल तर तोही.
आत रुजलेलं तेवढं राहतं.

महिन्याला साधारण एक सेंटिमीटर.
धाकटी वाचली तर केस कापणार नाही,
असा त्याचा देवमातेला नवस होता.
धाकटी वाचली,
म्हणून माझ्याकडे चौदा महिने आहेत,
चौदा कुप्यांत, नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळणारे.
फेब्रुवारी आधी पिवळा झाला, मग पाण्यासारखा.

फिर्याद भावाची, हेरोनिमोची.
म्हणतो, वहिनीनं रोजच्या काढ्यातून सोमल घातला,
पाटाच्या पाण्यावरून भांडण होतं.
सरकारी वकील फोनवर विचारतात, सापडला?
सापडला, मी म्हणते, प्रत्येक कुपीत सापडला.
पण थांबा, म्हणते,
तोवर त्यांनी फोन ठेवलेला असतो.

विष देणारा हात एकसारखा चालत नाही.
कचरतो, विसरतो, एखाद्या रविवारी दयाळू होतो,
कागदावर त्याचे सुळके उठतात.
हा आलेख मिठागरासारखा सपाट.
मी सेबास्तियानाचे केस मागवले. तेवढाच सोमल.
हेरोनिमोचे मागवले. तेवढाच.
मग कुणी न सांगता माझे चार उपटले.
अकराव्या वर्षापर्यंत मीही तीच नदी प्याले होते;
माझ्यात तिचा मागमूस नाही.
केस कृतघ्न असतात,
त्यांना फक्त आत्ताचं पाणी ठाऊक.

नदीच तशी आहे, ज्वालामुखीच्या पोटातून येणारी.
संग्रहालयात काचेखाली निजलेल्या
त्या हजारो वर्षांपूर्वीच्या बाईच्या केसांतही तीच.
आता समन्स कुणाच्या नावे काढणार?

फक्त जून आणि जुलै.
तिथे रेघ खड्ड्यात उतरते,
दोन सेंटिमीटर जवळजवळ निर्मळ.
दोन महिने हा माणूस दुसरं पाणी प्याला.
अहवालात मी हे एका ओळीत लिहिलं,
खटल्याशी संबंध नाही, असंही लिहिलं.

सुटल्यावर सेबास्तियाना आली, टोपी हातात धरून.
ती आयमारात बोलली, मी गंजलेल्या आयमारात.
आलेख तिला तुरुंगातच कुणीतरी समजावला होता.
तिनं बोट नेमकं खड्ड्यावर ठेवलं.
‘जूनमध्ये तो वर होता, डोंगरात, जनावरांपाशी.
त्यानं तसं सांगितलं.
वरही हीच नदी.’

यंत्राला धातू कळतो, गाव कळत नाही.
सूर्याच्या कातडीइतक्या तापलेल्या ज्वाळेत
आम्ही माणसाचा एकेक महिना जाळतो,
आणि ती ज्वाळा आकडा सांगून गप्प होते.

‘बंदरावरच्या नळाचं पाणी चांगलं असतं?’
असतं, मी म्हणाले. गाळून येतं.
तिनं मान हलवली, बाजारभाव ऐकावा तशी.
केसानं गळा कापतात, तो असाही कापतात,
मेल्यावर, धुतलेल्या, मोजलेल्या केसानं;
आणि त्याच केसानं तिचा गळा सोडवलाही होता.

उरलेली जुडी तिला हवी होती.
त्यासाठी एक फॉर्म आहे, तो तिनं अंगठ्यानं भरला.
मग दाताने लाल दोरा तोडला,
माझ्या टेबलावर ठेवला,
आणि केस तळहातावर चोळले, पुन्हा पुन्हा,
मुळं कुठली, टोकं कुठली,
जून कुठला,
कुणालाच सांगता येऊ नये इतके.