दुसरा गुरुवार

मेरीपोर्टच्या धक्क्याजवळ दोरखंड विकणाऱ्याचं दुकान आहे,
त्याच्या माडीवर, महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी,
आम्ही सहा जण. कधी चारच.
हीटरला नाणं घालावं लागतं. अर्ध्या तासाने
तो घसा खाकरून बंद पडतो.
डोरीन पोस्टलथवेट बिस्किटांचा डबा आणते,
झाकणावर मेंढ्या, त्यांतल्या एकीला पोचा आलेला.

शाळेत आमच्या दारांवर पाट्या आहेत.
माझ्या दारावर : प्रमुख, इयत्ता नववी.
म्हणजे हरवलेल्या बुटांची प्रमुख, उवांची,
संडासात आतून कडी लावून बसलेल्या दुपारची.
एके काळी मी भूगोल शिकवायचे.
आता विचारते, काल रात्री झोपलास कुठे?

इथे नियम एकच.
मुलांची नावं घ्यायची नाहीत
आणि एकमेकांना नावं ठेवायची नाहीत.
म्हणून जिना चढून वर येतात ते
निळा स्वेटर,
पायऱ्या मोजणारा,
'आई बरी आहे', न विचारता सांगणारी.

गेल्या महिन्यात व्हाइटहेवनची इफेओमा
कोट न काढताच बसली.
तिने एका घराबद्दल फोन केला होता.
त्या घरातली मुलगी आता तिला बघून रस्ता बदलते.
तू योग्यच केलंस, असं कुणी म्हणालं नाही.
ते तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून झोप येत नव्हती.
बऱ्याच वेळाने विल्फ म्हणाला,
माझी एक सव्वा वर्षाने बोलली.
जेवणाच्या रांगेत. म्हणाली, सर, तुमची नाडी सुटलीय.

मग?

मग काय. बांधली.

इफेओमा हसली नाही,
पण कोटाचं वरचं बटण तिने काढलं,
आणि डोरीनने डबा तिच्याकडे सरकवला.

आज केसविकचा नवा माणूस आलाय, रोलंड टायसन.
हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही.
म्हणतो, माझ्याकडे फेब्रुवारीत एक आलाय.
कागद अजून कुठल्या तरी टेबलावर अडकलेत.
अर्धा पाव खातो, अर्धा बाहीत सारतो.
वर्गात बसत नाही, उठून उभाच राहतो.
चार शिक्षक, चार तक्रारी.

माझा कप ओठांपाशी तसाच.
फेब्रुवारीत माझ्या हजेरीतून एक नाव गेलं.
सोमवारी खुर्ची, खुर्चीखाली एक हातमोजा,
घराला कुलूप, शेजाऱ्यांना काही माहीत नाही.
तेव्हापासून रोज संध्याकाळी मी हार्बर रोडने
गाडी इतकी हळू नेते की मागचे भोंगे वाजवतात.

नियम तो नियम.
मी काही विचारलं नाही.
हीटरकडे बघत, हवेशी बोलावं तसं म्हणाले,
अशा मुलाची पाठ भिंतीला लागलेली असावी.
तोंड दाराकडे.
आणि पाव दोन द्यावेत.
दुसरा कुणासाठी, हे मात्र विचारू नये,
ती अजून शाळेत जायच्या वयाची नाही.

शेवटचं वाक्य निसटलंच.
विल्फने छताकडे पाहिलं. डोरीनने मेंढ्यांकडे.
रोलंडने पेन काढलं, तळहातावरच लिहिलं :
भिंत. दार. दोन.
मग मान खाली घालून, तो तळहात मिटत,
म्हणाला, खोकला गेलाय आता.
थांबला.
असल्या मुलांचा, सर्वसाधारणपणे.

हीटर बंद पडला. सुटे कुणाकडेच नव्हते.
आम्ही कोट अंगावर ओढून आणखी थोडा वेळ बसलो,
पुढच्या महिन्यात दूध कोण आणणार, याबद्दल बोललो.

परतताना
मी हार्बर रोडने गेले नाही.
वरच्या रस्त्याने, सरळ घरी.