रव्याशिवाय

ग्रिम्सबीच्या दुकानात मासे मिळतात
डोकं नसलेले, कातडं नसलेले, पांढरेफेक,
आडनाव खोडून टाकल्यासारखे.
पहिल्यांदा हॅडॉक घेतला तेव्हा
सवयीने कल्ले उघडून बघायला गेले, लाल आहेत का,
तर कल्लेच नव्हते.

शेजारचे ऑस्गर्बी. चाळीस वर्षं गोदीत मासे कापले.
आता डॉक्टरांनी गहू बंद केलाय,
दूध आपणहून बंद झालंय,
आणि शुक्रवारी गल्लीच्या टोकाशी
तळणीचा वास सुटला की ते खिडकी लावून घेतात.
मला हे सगळं खिडकीच्या आवाजावरूनच कळत गेलं.

म्हटलं, त्यात काय, मी करते. रवा लावू आणि
रव्याच्या डब्यात हात घातला तेव्हा जीभ चावली.
रवा म्हणजे गहूच की!
जन्मभर मला तो वेगळीच जात वाटत आलेला.

मग चष्मा लावून पाकिटांच्या पाठी वाचत बसले.
कॉर्नफ्लेक्समध्ये बार्लीचं माल्ट.
हिंगात,
अहो हिंगात, गव्हाचं पीठ!
आईच्या फोडणीत इतकी वर्षं
हा पाव्हणा दडून बसला होता
आणि कुणी त्याला नाव विचारलं नाही.
हिंगाची डबी मी खोडकर पोरासारखी
भिंतीकडे तोंड करून ठेवली.

उरलं तांदळाचं पीठ. आणि जाडे पोहे,
लेस्टरहून नणंदेने पाठवलेले.
कोरडेच भाजले, पिशवीत भरले,
वरून लाटणं फिरवलं.
अर्धी वाळू, अर्धी खडी, असा चुरा.

साडेचारला ऑस्गर्बी आले
सबंध मासा घेऊन, डोक्यासकट.
सुरी त्यांची झिजून झिजून करंगळीएवढी.
माझ्याच ओट्यावर त्यांनी एका ओढीत
काट्यावरून मांस सोडवलं,
झोपलेल्या लेकराखालची चादर
त्याला न उठवता काढून घ्यावी तसं.
कल्ले लाल होते. मी बघून घेतलं.

हळद, मीठ, तिखट त्यांच्या बेताचं.
आगळ दोन चमचे. "हे काय?"
"आमच्याकडचं लिंबू," मी ठोकून दिलं.
दही नाही, लोणी नाही,
नुसता तेलाचा हात, मग पीठ, मग पोहे
तळव्याने थापून थापून.
तळायची सोय नाही; घरमालकाच्या कागदावर तसं लिहिलंय,
आणि धुराचा भोंगाही फार हळवा आहे.
ट्रे मात्र आधी तापवून ठेवला होता.
त्यावर मासा ठेवताच चर्र झालं,
तेवढंच. दार लागलं
आणि स्वयंपाकघर गप्प.

तळणीशी बोलता येतं, ती उत्तर देते.
ओव्हन म्हणजे माझ्या रात्रपाळीचा वॉर्ड:
काचेतून बघत राहायचं, सारखं दार उघडायचं नाही.
वाटलं, आता हे बर्फाच्या, बोटींच्या गोष्टी सांगतील.
ते अठरा मिनिटं
कचऱ्याच्या गाडीला नावं ठेवत होते.

बाहेर काढला. कडा तांबूस,
मधे एका जागी चुरा निसटून पडलेला टक्कलडाग.
ते बसले. काटा उचलला, पुन्हा ठेवला.
खिशातून डबी काढली, डबीतून यंत्र,
ते कानात नीट बसवलं,
आणि मगच
पहिला घास घेतला.

कुर्र.

"मीठ कमी आहे," म्हणाले.
होतंच कमी.
दुसरा तुकडा त्यांनी हातानेच खाल्ला.