रंगेहाथ

एकतीस वर्षं मी पेशींना रंग दिला.
येनाच्या रुग्णालयात, अर्ध्या जमिनीत गेलेल्या खोलीत,
जिथल्या खिडकीतून माणसांचे फक्त बूट दिसतात.

आधी फॉर्मालिन, मग अल्कोहोल, मग वितळलेलं मेण,
मग पापणीच्या केसाहूनही पातळ काप,
मग जांभळा, मग गुलाबी.
जांभळ्यात केंद्रकं उठून येतात,
गुलाबीत बाकीचा संसार.

नखांच्या कडेला तो जांभळा अजून आहे.
साबण संपतो, तो संपत नाही.
बेकरीतली गुडरुन विचारायची,
"काय गं, ब्लूबेरी खाल्ल्यास वाटतं?"
मी हो म्हणायचे. कोण सांगत बसणार
की आज दुपारी मी कुणाच्या तरी आतड्याचा
एक कोपरा रंगवला.

रंग चढला की मग नाव देता येतं.
आमचं कामच ते,
पेशींना नावं ठेवणं.

परवा लेवकेचा फोन आला.
"इर्मट्राउट, चौथ्या मजल्यावर ये. काही आणू नकोस."
बाटल्या? काचा? "काही नको गं. नुसती ये."

काळे पडदे. हवेवर तरंगणारं लोखंडी टेबल,
खालून ट्राम गेली तरी त्याला कळू नये म्हणून.
दोन लेसर, डोळ्यांना न दिसणारे.
लेवके दोन्ही हात हलवून सांगत होती:
रेणूतला प्रत्येक बंध आपल्या ठेक्यात थरथरतो,
मेदाचा वेगळा, प्रथिनाचा वेगळा,
पाण्याचा तर अगदीच वेगळा.
दोन प्रकाशांमधलं अंतर त्या ठेक्याशी जुळवलं
की एकाचं किंचित घटतं,
दुसऱ्याचं तेवढंच वाढतं.
पूर्वी म्हणे कोटीत एखादाच कण
बदललेल्या रंगाने परतायचा,
माणूस रात्रभर वाट बघत बसायचा.

ठेका मला कळला नाही.
घट-वाढ कळली.
आईच्या किराणा दुकानाची वही मीच लिहायचे.

काचेखाली माशाचं पिल्लू होतं,
पाच दिवसांचं, भूल दिलेलं, जिवंत.
पडद्यावर त्याचं यकृत, राखाडी,
आणि त्यात मेदाचे थेंब,
कुणी न रंगवलेले, कुणी न विचारलेले,
आपल्या आपण उजळ.

त्यातला एक सरकला.

मी खुर्ची ओढून बसले.
एकतीस वर्षांत माझ्या काचेवर
काही म्हणजे काही हललं नव्हतं.
हललं असतं तर मी किंचाळले असते.

आणखी एक सरकला. दोघे चिकटले,
जरा वेळाने त्यांचा एक मोठा झाला.
लेवके म्हणाली, "छापायला देताना रंग भरावा लागतो.
हिरवा देऊ की पिवळा?"
म्हणजे शेवटी रंग आलाच!
हसू आलं मला. म्हटलं, भर नंतर. आत्ता राहू दे.

पिल्लू परत टाकीत सोडलं.
थोडा वेळ ते आडवंच पडून होतं,
मग शेपटी हलली, आणि गेलं.

सकाळी खाली चौदा तुकडे वाट बघत होते.
सर्जनना अजून जांभळं-गुलाबीच लागतं,
आणि त्यांचंही चूक नाही.
मी मेण तापत ठेवलं.

संध्याकाळी पावासाठी हात पुढे केला.
गुडरुन बोटांकडे बघत राहिली.
"ब्लूबेरी? नोव्हेंबरात?"

नाही, म्हटलं.
आणि सांगत बसले.
मागे रांग दारापर्यंत गेली.