वर चढणाऱ्यानं हाक द्यावी

आमच्या बडोद्याला समुद्र नाही.
रविवारी सिंधरोटला महीचीच चौपाटी होते:
भाजलेली कणसं, उंटावर रडणारी पोरं,
आणि लग्नाआधीची जोडपी, भाड्याच्या गाऊनमध्ये,
टाचा वाळूत रुतवत.

मी त्यांना वरून टिपतो.
माझ्याकडे सगळं आहे.
पोटाला नंबर डकवलेला ड्रोन, परवान्याचं कार्ड,
मोबाइलमधला नकाशा: हरणीच्या विमानतळाभोवती लाल,
इथे हिरवा.
एकशेवीस मीटरच्या आत.
नजरेच्या टप्प्यात.

त्या दिवशी ऋत्वी आणि तिचा होणारा नवरा
सातव्यांदा हात धरून पळत होते.
मी वळण जरा लांबून घेतलं
आणि वेड्या बाभळींच्या पलीकडे
पडद्यावर एक बाई आली.
कमरेइतक्या पाण्यात, परकरावर,
केस मोकळे, पाठीला साबण.
पन्नाशीची असेल.

घरघर ऐकून तिनं वर पाहिलं.
हात उगारला नाही, शिवी दिली नाही.
कपडे काठावर होते, दगडाखाली. लांब.
तिनं नाक धरलं
आणि पाण्याखाली गेली.

मी तिच्या डोक्यावर नव्हतो. चांगला पंधरा मीटर बाजूला.
नियमानं धुतल्या तांदळासारखा.
मोजत होतो. चार. पाच.
अंगठा कांडीवर होता आणि हलत नव्हता.
नऊ.
मग हलला.

क्लिप पुसली. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली.
पण ते तिला कुठे माहीत?
तिच्या लेखी ती अजून
कुणाच्या तरी फोनमध्ये पाठ चोळते आहे.

रावपुऱ्याच्या पोळीत, मी लहान असताना,
रायजीकाका कौलं चाळायला यायचे.
शिडीला पाय लावण्याआधी
तोंडाशी हात धरून तीनदा ओरडायचे:
"छापरे चडूं छूं, बेनो!"
मग खाली भांडी वाजायची, दारं लागायची,
न्हाणीवरचं पोतं ओढलं जायचं,
कुणीतरी म्हणायचं, थांबा हं, अजून नाही,
आणि तो माणूस, ज्याची मजुरी वर कौलांत होती,
शिडी धरून उन्हात उभा राहायचा.
कुठल्या कार्डावर छापलेलं नव्हतं ते.

परवा पुन्हा सिंधरोट. दुसरं जोडपं.
मी वाळूत उभा राहून ओरडलो.
भार्गव हसला, माझाच मदतनीस.
नवरा मुलगा घड्याळ दाखवायला लागला;
सूर्य उतरत होता, गाऊनचं भाडं तासावर होतं.
पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा घसा चिरकला.

बाभळींमागून एका बाईचा आवाज आला,
वैतागलेला, ओला:
"ऊभो रहे!"

राहिलो.
पाती थांबलेली.
बॅटरी अठ्ठ्याण्णव टक्के.