शून्य, एक

पान उघडतं, पण भलतंच.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक.
सात वर्षं हाच पत्ता. जिभेवर बसलेला,
जसं एन-बेचाळीस, जेसी-दोन, सतरा-चार म्हटलं
की मला अजून निळं गेट दिसतं
आणि पायरीवर आडवा पडलेला कुत्रा.
एकतीस वर्षं सिडकोत टपाल वाटलंय मी.
आकड्यांनी माझ्यापुढे मिजास करू नये.

काल फायबरवाला पोरगा आला होता, निसार.
खिडकीच्या गजातून वायर ओढली,
नवा पांढरा डबा भिंतीला ठोकला,
जुना काळा त्याच्या शेपटाला बांधला पिवळ्या वायरीनं
आणि म्हणाला, चालू झालं काका, रेटिंग तेवढं चांगलं द्या.
चालू आहेच. खोटं कशाला बोलू?
मुलाची अंबडची मीटिंग, हिचे भरतकामाचे व्हिडिओ, सगळं चालू.
फक्त काळ्याच्या घरात मला शिरता येत नाही.
हाक त्याला मारतो, दार पांढरा उघडतो
आणि म्हणतो, पासवर्ड?

प्रणितला फोन लावला, सिन्नरला.
तो म्हणाला, मामा, मागे बारीक भोक आहे,
टाचणीनं दहा सेकंद दाबा, सगळं पुसलं जाईल.
टाचणी आणली. भोकापाशी नेली.
परत गादीत खुपसून ठेवली.

त्यात साडेनऊ आहेत.
शर्वरी पाचवीत होती तेव्हा मीच घातलेले,
चष्मा कपाळावर, एकेक अक्षर शोधत:
रात्री साडेनऊला हिच्या फोनचं नेट बंद.
आता बारावी. परवा दारात उभी राहून म्हणाली,
आबा, अकरापर्यंत कराल का? पेपर सोडवायचे असतात.
करतो म्हणालो. दोन मिनिटांचं काम.

तीन तास झाले.
जेवण झाकून ठेवलंय, तेही मला ऐकवून झालं.

उत्तमनगरात एका रांगेत दोन चौदा नंबर होते.
एकाची मनिऑर्डर दुसऱ्याकडे, दुसऱ्याची नोटीस पहिल्याकडे.
मी तक्रार लिहायला घेतली, आणि एका सकाळी बघतो तर
जुन्या चौदानं आपल्याच दारावर
खडूनं 'अ' काढून घेतला होता.
कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

हे आठवलं आणि लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडली,
जिच्यात नुसती पांढरी अक्षरं येतात,
एक बोटानं आज्ञा टाइप केली
आणि ओळीओळीनं खाली आलो.
डिफॉल्ट गेटवे. पुढे:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, एक.

सरकला होता.
पांढरा आला, त्याच नंबरावर बसला,
आणि हा गडी कुरकुर न करता शेजारच्या गल्लीत गेला.
शून्य, एक. दार लगेच उघडलं.
पासवर्ड तोच, माझ्या पहिल्या सायकलचा नंबर.

आत सगळं जागच्या जागी.
प्रिंटर, टीव्ही, हिचा टॅब.
आणि तळाला शर्वरी, रोज, रात्री साडेनऊ,
पुढे राखाडी अक्षरांत: ऑफलाइन.
फोनचं मॉडेल वाचलं. पुन्हा वाचलं.
हा तर तो, सोमेश्वरला धबधबा बघताना पाण्यात गेलेला.
सातवीत होती. किती रडली होती.

म्हणजे पाच वर्षं
मी बंद करत होतो एक बुडालेला फोन.
तिचा नवा फोन या यादीच्या वर कुठेतरी
रात्रभर मोकळा.
आणि साडेनऊला खोलीतला दिवा जायचा,
तो कुणी घालवायचं?
का दिवा तेवढाच जायचा?

बराच वेळ बसलो.
मग ती ओळ खोडली नाही.
साडेनऊचे अकरा केले, सेव्ह दाबलं,
काळा डबा एकदा लुकलुकला.

बाहेर येऊन सांगितलं, झालं गं, अकरा केले.
वहीतून मान वर न करता म्हणाली,
थँक्यू आबा. फार वेळ लागला का?
म्हटलं, नाही. पत्ता बदललाय त्याचा.