एन ते झेड

क्वुन तोंगमधल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
खाली प्लॅस्टिकची फुलं बनत
आणि तापलेल्या राळेचा वास जिन्यात टांगलेला असे,
तिथं दोन इंजिनिअर, उसनं भांडवल
आणि सात सोल्डरिंगच्या कांड्या.
कंपनीचं नाव सिऊ-तांग, म्हणजे छोटा दिवा.
भाडं थकलं की मालक यूंग
तोही मालवून बसत, आत कुणी नाही असं दाखवायला.

पहिलं खेळणं म्हणजे नुसता एक लाल ठिपका.
तो चेंडू आहे असं खोक्यावर छापलं होतं
आणि अमेरिकेतल्या पोरांनी ते मान्य केलं.
त्या ठिपक्यानं पाचवा मजला मिळवून दिला, मग सहावा.
ख्रिसमस आमच्याकडे ऑगस्टात यायचा,
घामेजलेला, दोन पाळ्यांचा,
आणि वादळाचा आठ नंबरचा बावटा लागला
की धक्क्यावरच अडकून पडायचा.

एक्क्याऐंशी साली खेळणी बोलायला लागली.
बोलक्या पाटीला सव्वीस बटणं,
तपासणीला दोन खुर्च्या.
पिक-वाकडे ए ते एम,
माझ्याकडे एन ते झेड.
दाब, ऐक, पुढे सरकव. दिवसाला नऊशे.
इंग्रजी दोघींनाही येत नव्हतं.

आवाज मिसेस हॅलोरनचा, हिशेबनिसाच्या बायकोचा.
रजया टांगलेल्या खोलीत ती अक्षरं म्हणत गेली
तेव्हा तिला पडसं झालं होतं.
एम कसाबसा निभावला, एनला नाक चोंदलं.
पुन्हा मुद्रण करायला पैसे कुठे होते?
चाळीस हजार पाट्यांतून एन
सर्दीसकट ओहायोपर्यंत गेला
आणि माझ्या कानात तोच खरा म्हणून बसला.
पुढे एकदा दवाखान्याच्या खिडकीशी नाव सांगताना
मी तो तसाच उच्चारला.
कारकून म्हणाला, बाई, आधी औषध घ्या.

माझं नाव ङान सुक-यिन.
आडनाव इंग्रजीत चार अक्षरांचं, ओळखपत्रावर छापलेलं.
पहिलं मला येत होतं, शेवटचंही.
मधली दोन अनोळखी,
आपल्याच घरात बसलेल्या पाहुण्यांसारखी.
जेवणाच्या सुट्टीत मी पत्र पुढे केलं.
पिक-वानं भाताची काडी एकेका अक्षरावर टेकवली:
जी. ए.
मग तिनं तिचं काढलं. लुक.
मधला यू माझ्याकडे निघाला.

त्यानंतर आम्ही बसच्या पाट्या वाचल्या,
दुधाचे डबे, बंद दुकानांच्या फळ्या,
एक अक्षर तिचं, एक माझं,
अर्थ लागला नाही तरी.

पंच्याऐंशीत कंपनीनं संगणक काढला.
जहाजानं गेला, जहाजानं परत आला.
त्या महिन्यात अर्धा पगार कीबोर्डांत मिळाला,
आईनं त्यांवर खारी मासळी वाळवली.
चकचकीत स्मरणिकेत हे साल सापडत नाही.
चौऱ्याऐंशीनंतर थेट सत्त्याऐंशी,
आणि बिनतारी फोन हातात घेतलेला हसरा यूंग.

मग पट्टा नदीपलीकडे गेला, तुंगक्वानला.
तिथं मजुरी आठवा हिस्सा.
नव्या पोरींना शिकवायला पिक-वा गेली.
मी आईच्या पायांमुळे राहिले.
दोन पत्रं आली, एक वर्षाच्या आत.
तिसरं कुणी लिहायचं यावरून राहिलं बहुतेक.

चौथ्या मजल्यावर आता तरुण मुलं
पैसे भरून भिंतीवर चढतात.
मी तळाशी उभी राहून पाहिलं एकदा,
जिथं आमच्या खुर्च्या होत्या तिथं गादी आहे,
पडणाऱ्यांसाठी.

नातीला सिऊ-तांगचंच खेळणं आणलंय लेकीनं.
पडदा आहे, ससा नाचतो.
मी एन दाबते. ठणठणीत, मोकळा आवाज.
थोडी थांबते, उगाच, शिंक येईल म्हणून.

पो-पो, नात म्हणते, जी पण दाब ना.
तू दाब, मी म्हणते.
ते बटण माझ्या खुर्चीचं नाही.